बाच्या खाटेपासून बांध किती दूर

माझ्यावर कोणी भरोसा ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकदा लग्नात मांडवाच्या कोपऱ्याले आग लागली. पहिल्यांदा मलेच दिसली, कारण मी फोटो काढून राहिलो होतो. मी वरडलो, "आग! आग!" वऱ्हाडी हसले. नवरदेवाच्या काकानं तं टाळीसाठी हात पुढं केला. जळकं कापड त्याच्या फेट्यावर पडलं तवा कुठं लोकाइले पटलं. त्यावरही तो मलेच म्हणे, "तुले नीट सांगता नाही येत का बे?"

चूक माझीच. जन्मभर गंमती केल्या. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, तेही जास्त करून खिडकीच्या बाहेरून. मंग आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात एका फोटोवाल्याकडं लाईट धरायले राहिलो. लाईट धरता धरता कॅमेरा धरायले लागलो. आता नवेगाव बांधले माझं स्वतःचं दुकान आहे. लग्न, बारसं, आधार कार्डाचा फोटो. कॅमेऱ्यावर जे इंग्रजी लिहून आहे ते मले वाचता येत नाही, पण कोणतं बटन दाबलं की काय होते हे माहीत आहे. बायको म्हणते, माझ्या बाबतीतही तुमचं तसंच आहे.

पोळ्याच्या आधी माझा बा पडला. बानं सारा जन्म बांधावर मासे मारले. बांध म्हणजे आमचा तलाव, गावाचं नावच त्याच्यावरून आहे. सकाळी डोंगा पाण्यात ढकलून राहिला होता, तसाच उजवा हात सुटला, मंग पाय, मंग तोंड वाकडं झालं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथून घरी आणलं तं सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाट टाकून दिली. डॉक्टरनं हातात दाबायले रबराचा एक गोळा दिला. "इसको दबाते रहना बाबा, हाथ चलेगा तो आदमी चलेगा," म्हणे. बानं थोडे दिवस दाबला. मंग गोळा खाटेखाली गेला, अन् बानं भिंतीकडं तोंड केलं.

आमच्या घरातून बांध दिसत नाही. मधात घरं आहेत, पाण्याची टाकी आहे, बांधाची मातीची पाळ आहे. डोंग्यातून रोज जो माणूस सारा बांध पाहे, त्याच्यासमोर आता पोपडे निघालेली भिंत.

धान कापणी झाली, थंडी पडली, तसा बा विचारायले लागला.

"आले का?"

कोण, ते मले माहीत होतं. हिवाळ्यात बांधावर राखाडी हंस येतात, लांबून. डोक्याच्या मागं दोन काळ्या रेघा असतात, जसं कोणी उलट्या बाजूनं गंध लावलं. बा त्याइले गंधवाले म्हणे. बांधात एक जुनं वाळलेलं झाड उभं आहे, नुसतं खोड, वर दोन शिंगं, बेचक्यासारखं. बा त्याले जाळ्याची दोरी बांधे. गंधवाले आले की दुपारी त्याच बेचक्याच्या भोवती पाण्यात बसून राहत. बा म्हणे, "माया डोंग्याले भेत नाही ते. मले ओरखते."

मी म्हणलं, "आले बा."

"खरं सांग."

"खरंच आले."

"तू मले 'बरा होशील' बी म्हनतेस."

घरातले सारेच म्हणत होते. मी म्हणे, बायको म्हणे, येणारा जाणारा म्हणे. बाले समजलं होतं की हे सारे एकाच सुरात खोटं बोलून राहिले, अन् त्या सुरात माझा आवाज सगळ्यात मोठा. त्याच्या मनात एक बसलं होतं. आपण बांधावर गेलो नाही म्हणून गंधवाले आलेच नाही, किंवा येऊन परत गेले. काऊन बसलं, ते मले नाही सांगता येत. खाटेवर पडून पडून माणसाच्या डोक्यात असंच काही घर करत असंल. बायकोनं भात भरवला तं दोन घासात तोंड फिरवे. "कायले जेवू? कोनासाठी?"

मी म्हणलं, फोटोच आणून दाखवतो. फोटोवाल्याचा बाप आहे शेवटी.

माझ्याकडं लग्नाचा लेन्स. त्यानं नवरी सोप्यात काढावी, पाच हातांवरून. पाळीवर जाऊन काढले हंस. घरी येऊन मोबाईलवर बाले दाखवले. बानं डाव्या हातानं मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला.

"हे काय होय?"

"गंधवाले."

"मोहरी सांडली का पान्यावर?"

बायको रांधणीत फसकन हसली. मीही हसलो. बा नाही हसला. मोबाईल छातीवर ठेवून त्यानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. माझ्या जोकवर लोक हसले नाही तं मले एवढं लागत नाही. पण त्याच्या स्वतःच्या जोकवर तो हसला नाही, त्याचं मले भेव वाटलं.

तवा मी लांबचा लेन्स पाहायले नागपूरले गेलो. विकत नाही, भाड्यानं. आधार कार्ड ठेवून चार-आठ दिवसांसाठी देतात. दुकानाचा मालक पिकल्या केसांचा, शांत माणूस. त्यानं विचारलं, "काय शूट करता भाऊ?"

आता खरं सांगायचं तं लग्न. पण आजूबाजूले दाढीवाले, खिशाखिशांचं जाकीट घातलेले लोक उभे होते. मी म्हणलं, "वाईल्डलाईफ." अर्धं खरंच होतं. आमच्या इकडची वरात पाहाल तं तुम्हीही तेच म्हणाल.

"पक्षी की जनावर?"

"पक्षी."

"बसलेला की उडता?"

"बसलेला."

"कितना दूर से?"

आता हे मले सांगता येईना. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाच्या खाटेपासून."

तो माणूस हसला नाही. त्यानं दोन लेन्स काउंटरवर ठेवले. एक जाडा, आखूड मांडीएवढा, त्याले मागंपुढं करता येत नाही, एकाच जागी खिळलेला. दुसरा बारीक, लांब, झूमवाला, जवळचंही घेते अन् लांबचंही. तो समजावून सांगू लागला. जाडा खूप उजेड घेते, पक्ष्याचं पीस न् पीस मोजून घ्या, मागचं सारं लोण्यासारखं होते. बारीक उजेड कमी घेते, सकाळी संध्याकाळी त्रास देते, पण हाताले हलका, अन् चित्रात काय घ्यायचं, काय सोडायचं ते तुमच्या हातात राहते. "आपको क्या दिखाना है, उसके ऊपर है," म्हणे.

मी जाडा लावून दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडं पाहिलं. विजेच्या तारेवर कबुतर होतं. त्याच्या डोळ्यात मले दुकानाचं दार दिसलं, खोटं नाही सांगत. मागची बिल्डिंग, पाट्या, तारा, गर्दी, सारं गायब. नुसतं लोणी. अन् मी लग्नाचा फोटोवाला. आमच्या धंद्यात ज्याचं मागचं उडलं तो राजा. नवरीच्या मागं उष्ट्या पत्रावळी असतात, पंगतीत भांडण चालू असते, ते उडवण्यातच माझी अर्धी कला. मी म्हणलं, "हाच द्या." झूमवाल्याकडं पाहिलंही नाही. पोरगी पाहायले जाऊन फक्त तिचा रंग पाहून येणाऱ्यासारखं झालं, पण तवा कळते थोडंच.

बांधावर आलो तं त्या लेन्सनं माझे धिंडवडे काढले. पहिले कितीतरी फोटो नुसत्या आभाळाचे. एवढ्या लांबून पाहिलं की केसभर हललं तं हंस चौकटीतून पळून जाते. मी शोधून राहिलो तं पाणी, पाणी, गवत, पाणी, एका म्हशीची शेपटी. तिकडून एक बाई धुणं घेऊन जात होती. ती म्हणे, "काय वो फोटोवाले, बंदूक कवा घेतली?" वजनानं लेन्स एका जागी राहेना. मंग घरून उशीची खोळ आणली, तिच्यात धानाचा कोंडा भरला, पाळीवर ठेवली अन् लेन्सचं नाक तिच्यावर टेकवलं. तवा कुठं जमलं. ती उशी बायकोची होती, हे मले रात्री कळलं, तिच्या डोक्याखाली काही नव्हतं तवा.

पण फोटो निघाला! एक गंधवाला, एकटा, मान वळवून. डोक्याच्या दोन्ही रेघा, चोचीवरचा पाण्याचा थेंब, सारं. मागं हिरवं लोणी. माझ्या जन्मात एवढा चांगला फोटो मी काढला नव्हता. मी तो मोठा करून कागदावर छापला, अन् घरी नवरदेवासारखा घुसलो.

बाले उशीले टेकून बसवलं. त्यानं फोटो मांडीवर घेतला. लय वेळ पाहिला. मले वाटलं, झालं.

"चांगला आहे," बा म्हणे. "कोनाचा आहे?"

"कोनाचा म्हंजे? मी काढला."

"कुठं?"

"बांधावर, बा."

"बांध कुठं आहे यात?"

मी पाहिलं. बांध नव्हता. पाणी नव्हतं, पाळ नव्हती, सात बहिणी म्हणतो ते आमचे डोंगर नव्हते. एक हंस अन् लोणी. तो हंस जगात कुठंही असू शकत होता.

"मोबाईलमधून काहाडला असशील," बा म्हणे. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तं बरं होतं. "तू तं मेलेल्या मामाले उभा करतेस, लेका. हंस काय मोठी गोष्ट आहे."

ते मामाचं सांगतो. आमच्या इकडं लग्नाच्या अल्बममध्ये घरचं मेलेलं माणूसही लागते. कोणाचा बाप, कोणाची आजी. लोक जुना फोटो आणून देतात अन् म्हणतात, घरच्याइच्या फोटोत उभं करून द्या. मी करतो. सारेच फोटोवाले करतात. मामेभावाच्या लग्नात मी मामाले असा उभा केला की मामी ढसाढसा रडली, अन् लोक म्हणाले, जिवंतपणी एवढा चांगला दिसत नव्हता. तवा बाही हसला होता, पाठीवर थाप मारली होती. काळ्या नवरदेवाले गोरं करणं, मिटले डोळे उघडणं, हे सारं बानं पाहिलं आहे, माझ्याच दुकानात बसून, चहा पीत. आता तेच माझ्या अंगावर आलं. माझं तोंड खोटं, अन् माझा फोटो तोंडापेक्षाही खोटा.

मी मागच्या अंगणात जाऊन बसलो. बायको भांडे घासत होती. म्हणलं, "एवढा चांगला लेन्स, अन् बुढा म्हणते मोबाईलमधून काढला."

तिनं वरतं पाहिलं नाही. "तुम्ही नवरीच्या नाकातली नथ दाखवून राहिले जी," ती म्हणे. "तुमच्या बाले मांडव पाहाचा आहे."

बायकोची ही सवय वाईट आहे. जे मले नागपूरले जाऊन कळत नाही, ते तिले राखेनं गंज-भांडे घासता घासता कळते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूर. जाडा परत केला. मालक म्हणे, "क्या हुआ? सारे लोग झूम लौटाके ये लेने आते, तुम उल्टे आए." मी सांगितलं, सारं, लग्नाच्या धंद्यापासून खाटेपर्यंत. वाईल्डलाईफ म्हणलो होतो तेही. त्यानं झूम काढून दिला अन् एक सांगितलं. याचं उजेड घ्यायचं भोक बारीक करून काढा, म्हणजे मागचं लोणी होणार नाही, मागचंही दिसंल. अन् लांबून काढलं की मागचा डोंगर पुढं ओढून येते, पक्ष्याच्या पाठीशी येऊन उभा राहते. फक्त जागा अशी शोधा की पक्षी, झाड अन् डोंगर, तिन्ही एका रेषेत येतील.

ती जागा आमच्या बाजूच्या पाळीवर नव्हतीच. तिथून बेचक्याच्या मागं मोकळं आभाळ येते. बांधाले वळसा घालून दुसऱ्या बाजूले जावं लागलं, चिखलातून, बेशरमीच्या झाडातून. कोंड्याची उशी डोक्यावर. सकाळी गेलो तं हंस नाही, ते वावरात चरायले गेलेले. दुपारी आले तं ऊन एवढं की पाण्यावरून वाफ हाले अन् चित्रात बेचकं नाचे. दुसऱ्या दिवशीही तेच. मले घोर लागला होता, कारण बा आता विचारतही नव्हता. "आले का?" हे विचारणंच बंद झालं होतं. बायको सांगे, आज पेजही अर्धी ठेवली. मी चिखलात बसून विचार करे, की मी इथं हंसाची वाट पाहून राहिलो अन् तिकडं घरी बा कशाची वाट पाहून राहिला.

मंग एक दिवस आभाळ आलं. ऊन मेलं, वाफ बसली. हंस आले, दहा-पंधरा, अन् बेचक्याच्या भोवती बसले, जसे दरवर्षी बसतात. मी भोक बारीक केलं, श्वास धरला. पाणी, हंस, बेचकं, मागं बहिणींपैकी दोन डोंगर, अन् डोंगराच्या पायाशी आमची पाळ. सारं एका चौकटीत. लेन्सनं डोंगर खरंच ओढून आणले होते.

एवढं सारं कागदावर बाले दिसणार नाही, म्हणून मी फ्लेक्स छापला. आमच्या गावात फ्लेक्स दोनच गोष्टींसाठी निघते, पुढाऱ्याच्या वाढदिवसाले नाही तं माणूस गेल्यावर. मी गुंडाळलेला फ्लेक्स मोटारसायकलवर आडवा धरून चौकातून चाललो होतो. चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा, बाच्या वयाचा, बाच्या संगं मासे मारलेला, उठून उभा राहिला. टोपी काढली.

"कवा गेले?"

"नाही गेले काका. आहेत."

"मंग हे काय आहे?"

"हंस आहेत."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लोक माझ्याकडं नेहमी पाहतात. बाप मरणाच्या दारात अन् याले गंमत सुचते. मी उलगडून दाखवणार होतो, पण गाडी पुढं काढली. वाटभर एकच डोक्यात, की याची चूक पंधरा दिवसांनी खरी ठरली तं.

घरी सपरीच्या समोरच्या भिंतीले फ्लेक्स ठोकला. बाले बसवलं. तो पाहत राहिला. मले न बोलता उभं राहणं जमत नाही, पायाले मुंग्या येतात, पण उभा राहिलो. बानं डाव्या हाताचं बोट उचललं. हवेतच डोंगरावरून फिरवलं, पाळीवरून, हंसांवरून. मंग बोट थांबलं.

"बेचक्याचं शिंग मोडलं?"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, बेचक्याचं उजवं शिंग अर्ध्यातून गेलं होतं. पांढरी ताजी मोड दिसत होती. इतके दिवस मी त्या झाडाकडं पाहून राहिलो, अन् मले दिसलंच नव्हतं.

"पावसात मोडलं असंल," मी म्हणलं.

"चीर पडली होती त्याले," बा म्हणे. "मी दोरी बांधे तवाच किरकिर वाजे." मंग माझ्याकडं पाहिलं, कितीतरी दिवसांनी नीट. "हा खरा आहे. तू बनवला असता तं दोन्ही शिंगं लावली असती."

अन् हे खरं होतं. मले दिसलं असतं तं मी दुसरं शिंग लावलंच असतं. जुना फोटो शोधून, कोणाले कळणार नाही असं. माझ्या बाचा माझ्यावर भरोसा बसला तो माझ्या खरेपणानं नाही, मले नीट दिसत नाही म्हणून. पण बसला. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पदरानं तोंड दाबून धरलं.

"आले तं," बा म्हणे. "मी नाही गेलो तरी आले."

ते चांगल्यानं म्हणाला की वाईटानं, मले कळलं नाही. आजही नाही कळत.

मंग त्यानं मले जवळ बोलावलं. मी खाटेवर बसलो.

"आता एक खरं सांग. तुवं ऐकून राहिलो मी आता."

"सांग ना बा."

"मी बांधावर जाईन का पुन्हा? डोंग्यात?"

जन्मभर मी म्हणत आलो की माझ्यावर कोणी भरोसा ठेवत नाही. कोणी ठेवला की काय होते हे मले माहीत नव्हतं. तोंडात सतरा जोक आले. डोंग्याले चाकं लावू, तुले फ्लेक्सवर बसवू. एकही बाहेर निघाला नाही. गोंदियाच्या डॉक्टरनं मले बाजूले घेऊन जे सांगितलं होतं ते मी घरात कोणालेच बोललो नव्हतो, बायकोलेही नाही.

"नाही जाशील बा," मी म्हणलं.

दारातली बायको आत आली. बाचं वाकडं तोंड थोडं हललं, मंग थांबलं. बाहेर कोणाच्या तरी घरी कोंबडा विनाकारण आरवला.

"मंग खाट फिरव," बा म्हणे. "मान दुखते असं पाहून."

मी अन् बायकोनं दोन बाजूंनी धरून खाट फिरवली. भिंत पाठीमागं गेली, फ्लेक्स समोर आला. खाट सरकली तसा तिच्याखालून डॉक्टरचा तो रबराचा गोळा घरंगळत निघाला, धुळीनं माखलेला. बायकोनं उचलला, लुगड्याले पुसला अन् बाच्या उजव्या हाताजवळ ठेवून दिला. बानं तिकडं पाहिलं नाही. तो मोडक्या शिंगाकडं पाहून राहिला होता.